‘मी पण येते’ म्हणणारा मुलगा

आमचे चिरंजीव सव्वादोन वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन बाजारात निघालो, तर हे महाशय एका पायात चप्पल अडकवून दाराशी हजर. ‘‘बाबा, मी पण येते!’’ घरी माझी आत्या आलेली होती. ती आधी हसली, मग तिचा चेहरा बदलला. ‘‘अरे, हा मुलीसारखा बोलतोय. आत्ताच सवय मोडा, नाहीतर शाळेत पोरं चिडवतील.’’

मराठी घरात हा प्रसंग नवा नाही. मुलगा ‘मी जाते’, ‘मी झोपली’ म्हणतो, मंडळी हसतात आणि कधीतरी ते आपसूक थांबतं. मीही हसून सोडून दिलं असतं. पण भांडुप स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांमधून त्याला कडेवर घेऊन वाट काढताना एक प्रश्न डोक्यात शिरला. हा ‘येते’ शिकला कुणाकडून?

उत्तर घरातच होतं. दिवसभर त्याच्याशी बोलतं कोण, तर आई, आजी आणि पाळणाघरातल्या काकू. ‘मी’ हा शब्द त्याच्या कानावर पडतो तो जवळजवळ प्रत्येक वेळी बाईच्या तोंडून. मी सव्वाआठची लोकल पकडून फोर्टला जातो आणि परततो तेव्हा साहेब पेंगुळलेले असतात. माझी गैरहजेरी पोराच्या व्याकरणात नोंदली गेली होती, मस्टरवर लाल शेरा पडावा तशी.

त्या दिवसापासून मी त्याच्या चुका फोनमध्ये टिपून ठेवायला लागलो. मूल बरोबर बोललं की आपण कौतुकानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. पण बरोबर बोललेलं नुसतं ऐकून उचललेलं असू शकतं. चूक झाली की कळतं, आत काहीतरी हिशेब चाललाय.

आधी ‘मी’चंच घेऊ. ताटाला कुणीही ताटच म्हणतं, कावळ्याला कावळाच. पण ‘मी’ म्हणजे जो बोलतोय तो. आई बोलते तेव्हा ‘मी’ म्हणजे आई, आजी बोलते तेव्हा आजी. असे शब्द बोलणाऱ्याबरोबर उड्या मारत फिरतात. म्हणून पुष्कळ मुलं सुरुवातीला उलटसुलट बोलतात. आमचा दीड-पावणेदोन वर्षांचा असताना हात वर करून ‘‘तुला उचल’’ म्हणायचा. त्याच्या बाजूनं विचार केला तर तर्क बिनचूक आहे. घरातला प्रत्येक माणूस त्याला ‘तू’ म्हणतो, ‘तुला भूक लागली का’ विचारतो. मग ‘तू’ हे त्याचंच नाव असणार!

हे कोडं सुटतंय तोवर मराठी पुढचं टाकते. इंग्रजीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत फरकच नाही, त्यामुळे तिकडच्या बापांना माझ्यासारखा साक्षात्कार व्हायची सोय नाही. आपल्याकडे ‘मी’ एकच, पण क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं. मुलानं ऐकलेलं असतं ‘मी जाते’. ते त्याच्यासाठी दोन शब्द नसतात, ‘मीजाते’ असा एक सलग तुकडा असतो. तो तुकडा फोडायचा, त्यातला शेवटचा ‘ते’ बोलणाऱ्यावर अवलंबून आहे हे ओळखायचं, माणसांची बाई आणि बाप्या अशी वाटणी करायची, आपण स्वतः कुठल्या गटात आहोत हे ठरवायचं आणि मग ‘जातो’ म्हणायचं. एवढं गणित तो कुणी फळ्यावर न शिकवता सोडवतो. आमच्या ऑफिसात कोल्हापूरची एक सहकारी आहे. ती बिनदिक्कत ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते, तिकडच्या बायका बोलतात तसं. तिच्या मुलाला यातला अर्धा त्रास वाचला असणार.

भूतकाळात तर आणखी गंमत. ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी भात खाल्ला’. इथे क्रियापद खाणाऱ्याकडे बघतच नाही, जे खाल्लं त्याच्याकडे बघतं. आत्यानं दुपारच्या जेवणात ‘‘मी पोळी खाल्ली’’ ऐकलं आणि पुन्हा भुवया उंचावल्या. म्हटलं, ‘‘आत्या, इथं तो बरोबर आहे. काकासुद्धा पोळी खाल्लीच म्हणतात.’’ ती घासभर थांबली, मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि ‘‘खरंच की’’ म्हणाली. साठ वर्षं आपण जो नियम पाळतो तो आपल्याला ठाऊकच नसतो, आणि पोर तो ताटावर बसल्या बसल्या शोधून काढतं.

यादीतली माझी सगळ्यात आवडती चूक ‘करलं’. एके काळी तो स्वच्छ ‘केलं’ म्हणायचा. ‘‘शू केलं’’, ‘‘बाबानं केलं’’. आणि अडीच वर्षांच्या आसपास एकदम ‘‘मी करलं’’ सुरू झालं. बायको म्हणाली, हा मागे जातोय का? पाळणाघरातल्या दुसऱ्या मुलांचं ऐकून बिघडला का? झालं होतं उलटंच. आधीचं ‘केलं’ पोपटपंचीतलं होतं, ऐकलं तसं म्हटलं. मग त्याच्या डोक्यात नियम बसला: बस-बसलं, पड-पडलं, उठ-उठलं. तर कर-करलं! ‘करलं’ घरात कुणीच म्हणत नाही, म्हणजे ते त्यानं ऐकलेलं नाही, स्वतः घडवलेलं आहे. पुढे अपवाद लक्षात राहिला की ‘केलं’ परत येतं. वरून बघणाऱ्याला वाटतं मूल बरोबरवरून चुकीवर आलं आणि पुन्हा बरोबरवर गेलं. पण दोन्ही ‘केलं’मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मुलं नियम घडवतात हे अमेरिकेत जीन बर्को या संशोधक बाईंनी १९५८ मध्ये फार सुंदर दाखवलं. त्यांनी पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र काढलं आणि मुलांना सांगितलं, हा ‘वग’. असा प्राणी जगात नाही, असा शब्दही नव्हता. मग दुसरं चित्र: आता हे दोन आहेत, दोन काय? मुलं म्हणाली, ‘वग्ज’. जो शब्द आयुष्यात ऐकला नाही त्याचं अनेकवचन पाठांतरानं येत नाही. मला राहवलं नाही. मी वहीत एक ढेरपोट्या प्राणी काढला आणि शेजारच्या साडेचार वर्षांच्या मुलीला म्हटलं, ‘‘हा टुबा. हा अजून एक आला. आता किती झाले?’’ ती चटकन म्हणाली, ‘‘दोन टुबे.’’ आमच्या साहेबांना विचारलं तर त्यांनी चित्राकडे पाहिलं, ‘‘टुबा’’ म्हणाले आणि बिस्कीट मागितलं. त्यांचा नंबर अजून यायचा होता.

मग ‘येते’ म्हणणाऱ्याला टोकायचं का? आपण एरवी काय करतो ते बघा. पोर खिडकीतून दाखवतं, ‘‘काऊ बसली.’’ आपण म्हणतो, ‘‘हो रे, बसलाय काऊ.’’ पण त्यानं कबुतराला काऊ म्हटलं की लगेच, ‘‘नाही, ते कबुतर.’’ म्हणजे आईबाप तपशिलाची चूक सुधारतात, व्याकरणाची सोडून देतात. रॉजर ब्राऊन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांबद्दल नेमकं हेच नोंदवलं. तरीही मुलं व्याकरण शिकतातच. त्यामुळे ‘‘येते नाही, येतो म्हण, म्हण बरं पुन्हा’’ असली उठाबशी मला निरुपयोगी वाटते. ‘‘अरे वा, तूही येतोस? चल,’’ एवढं म्हटलं की बरोबर रूप कानावर पडतं आणि मूळ मुद्दा, म्हणजे बाजारात जाणं, अडत नाही.

शब्दांचं सांगायचं तर, बहुतेक मुलांचा पहिला शब्द वर्षाच्या आगेमागे येतो आणि दोन वर्षांपर्यंत ती दोन शब्द जोडायला लागतात: ‘‘बाबा ऑफिस’’, ‘‘अजून भात’’. कळणं नेहमीच बोलण्याच्या पुढे असतं. मधल्या काळात एकच शब्द कितीतरी ठिकाणी ताणला जातो. आमच्याकडे ‘भूभू’ म्हणजे कुत्रा, बकरी, राणीच्या बागेतलं हरीण आणि एकदा तर शेजारच्या काकांचा केसाळ गालिचा. शब्द थोडे आणि जग मोठं, मग माणूस हाताशी आहे त्यावर भागवतो. पेंग्विनला मात्र त्यानं ‘भूभू’ म्हटलं नाही. बराच वेळ काचेला नाक लावून पाहिलं आणि ठरवलं, ‘‘काऊ.’’

मुंबईत तीन भाषा कानावर पडतात, त्यानं मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं, असं अजून पुष्कळ लोक सांगतात. आम्हालाही सांगितलं गेलं, घरात एकच भाषा ठेवा म्हणून. हा समज चुकीचा आहे. अनेक भाषांत वाढणारी मुलं कधी भाषा मिसळतात आणि प्रत्येक भाषेतले शब्द वेगवेगळे मोजले तर थोडे कमी भरतात, पण सगळ्यांची बेरीज केली तर मागे नसतात. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन’ ऐकून ऐकून चिरंजीवांनी घरात गाडी सुरू केली: ‘‘पुढील टेशन आजी! अगला टेशन कीचन!’’ यात गोंधळ कुठे आहे?

‘मी’ म्हणायला आधी आपण आहोत हे कळावं लागतं, आणि त्याची एक परीक्षा आमच्या आजी न कळत रोज घेत होत्या. आंघोळ झाली की कपाळाच्या कडेला काजळाची तीट. मानसशास्त्रात हीच युक्ती प्रसिद्ध आहे. १९७२ मध्ये ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम यांनी बाळांच्या नाकाला गुपचूप लाल रंग लावून त्यांना आरशापुढे बसवलं. लहान बाळं आरशातल्या बाळाशी खेळतात. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल आरशात बघून स्वतःच्या नाकाला हात लावतं. आमचा सोळा महिन्यांचा असताना कपाटाच्या आरशातल्या तीटेवर बोट ठेवून ‘‘बाळ, बाळ’’ करायचा आणि आरशाच्या मागे जाऊन बघायचा. विसाव्या महिन्यात एका सकाळी तो आरशापुढे थबकला, हात हळूच आपल्या कपाळाकडे गेला आणि तीट फरकन पुसली गेली. आजी म्हणाल्या, ‘‘घ्या, आता हा लावू देणार नाही.’’ आणि खरंच, नाही दिली.

त्याच सुमाराला ‘माझं’ आलं, आणि ‘माझं’बरोबर रडारड. केळं सोलताना मोडलं म्हणून वीस मिनिटं, लिफ्टचं बटण दुसऱ्यानं दाबलं म्हणून चौथ्या मजल्यापर्यंत. याला वळण लावायला हवं असं बघे लोक म्हणतात. पण स्वतःला आवरायचं काम मेंदूचा कपाळामागचा जो भाग करतो, तो पिकायला विशी उलटावी लागते. दोन वर्षांच्या मुलाला ‘शहाण्यासारखा वाग’ म्हणणं म्हणजे पाया भरला जातोय त्या इमारतीच्या गच्चीवर खुर्च्या मांडायला सांगणं. मी जवळ बसून राहतो, फार बोलत नाही. बटण तर दुसऱ्यांदा दाबता येतं. मोडलेल्या केळ्याला इलाज नाही.

मोजणीवर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे आपण पालक सगळ्यात जास्त फसतो. आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद असते, त्यामुळे जिने चढता चढता त्याची उजळणी झाली होती. ‘‘एक, दोन, तीन, पाच, सात, दहा!’’ आम्ही टाळ्या वाजवायचो. पावणेतीन वर्षांचा होता तेव्हा आजी पोह्यांसाठी शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, ‘‘आजीला एक दाणा दे.’’ बरोबर एक दिला. ‘‘आता दोन दे.’’ मूठभर दिले. ‘‘किती दिलेस?’’ दाण्यांवरून बोट फिरवत उत्तर आलं, ‘‘एक, दोन, तीन!’’ आणि तळहातावर होते नऊ.

संख्यांची नावं ओळीनं म्हणणं आणि संख्या कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमाराला मुलांना असंच ‘इतके दे’ म्हणून तपासलं. मूल आधी फक्त ‘एक’ शिकतं. बाकी सगळे आकडे त्याच्या लेखी ‘पुष्कळ’. मग काही महिन्यांनी ‘दोन’ उमगतं, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. आणि साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमाराला एकदम दिवा लागतो, की मोजताना शेवटी जो आकडा येतो तेवढे ते आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्याच्या कितीतरी अलीकडे, ‘दोन’पाशीच केवढा घाट असतो, याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

भाषेचा इथेही हात असतो. संस्कृतात देवः, देवौ, देवाः असं दोघांसाठी वेगळं वचन असतं, शाळेत पाठ करताना आपण त्याला शिव्या घातलेल्या असतात. स्लोव्हेनियन आणि अरबी भाषांत असं द्विवचन आजही आहे, आणि ती बोलणारी मुलं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा ‘दोन’चा अर्थ लवकर शिकतात, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. दोन म्हटलं की शब्दाचं रूपच बदलतं, मग लक्ष जाणारच. मराठीनं द्विवचन कधीच टाकून दिलं. आमच्या वाट्याला शेंगदाणे आले. तेव्हापासून ‘‘किती ते मोज’’ असं आम्ही क्वचितच म्हणतो, ‘‘दोन बटाटे आण’’, ‘‘आजोबांना दोन गोळ्या लागतात, एक, अजून एक, झाल्या दोन’’ असं बोलतो.

याच सुमाराला एका प्लेग्रुपमध्ये चौकशीला गेलो होतो. तिथल्या बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून ए टू झेड म्हणायला लावलं, मग रंगीत तक्ता दाखवला. त्यानं पिवळ्याला लाल म्हटलं. ‘‘घरी काही घेत नाही वाटतं तुम्ही,’’ असं ऐकून आम्ही जिना उतरलो. रंगांची नावं या वयात चुकतातच. रंग दिसत असतो, पण ‘लाल’ हा शब्द टोमॅटोचा, बसचा की दोघांत सारखं काय आहे त्याचा, हे वेगळं काढणं अवघड असतं. ज्या मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी दादरला शिशुविहार उभा केला आणि १९४५ मध्ये बोर्डीला जाऊन अनुताई वाघांच्या साथीनं आदिवासी मुलांसाठी शंख-शिंपले, बिया, पानं हीच शैक्षणिक साधनं केली, त्या मुंबईत दोन वर्षांच्या मुलाची खुर्चीवर तोंडी परीक्षा होते, याचा मला अजून राग आहे.

घरी आम्ही काही ‘घेत’ नाही हे खरंच. पण आमच्याकडे सकाळी सहाला पाणी येतं. आत्याच्या त्या रविवारनंतर मी एक केलं, पाणी भरायचं काम बायकोकडून माझ्याकडे घेतलं, आणि साहेब उठलेलेच असतात म्हणून त्यांना मोरीच्या कट्ट्याशी सोबत घेतलं. मी बादली लावतो, तो मग. ‘‘मी नळ सोडतो. तू काय करतोस?’’ ‘‘मग!’’ ‘‘तू मग भरतोस. भरला? अरे सांडला!’’ तो डब्यात डबा घालतो, मोठा लहानात जात नाही म्हणून चिडतो, पुन्हा उलटा करून बघतो. हार्वर्ड विद्यापीठातलं बालविकास केंद्र अशा देवघेवीला ‘सर्व्ह अँड रिटर्न’ म्हणतं, बॅडमिंटनसारखं: मूल काहीतरी टाकतं, शब्द, बोट, नुसती नजर, आणि मोठ्यानं ते परतवायचं. लहान वयात मेंदूतल्या जोडण्या या जाण्यायेण्यातून पक्क्या होतात. खेळणं महागडं असलं काय आणि प्लास्टिकचा मग असला काय, समोर परतवणारा हवा.

मोबाईल इथेच कमी पडतो. सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींच्या समोर चिनी बोलणारी माणसं बसून खेळत होती, काहींना तीच माणसं पडद्यावर दाखवली. पहिल्या गटाचे कान चिनी ध्वनी ओळखायला शिकले, पडद्यावाले कोरेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको. आमच्याकडे नखं कापताना फोन लागतो, खोटं कशाला बोलू.

आता एक गोष्ट गंभीरपणे. चुका होणं वेगळं आणि बोलणंच न येणं वेगळं. वर्षभरात बडबड किंवा बोटानं दाखवणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडणं नाही, हाक मारल्यावर बघणं नाही, किंवा आलेले शब्द पुन्हा नाहीसे झाले, तर ‘याचा बापही उशिरा बोलला’ असं म्हणत वाट बघू नये. बालरोगतज्ज्ञांकडे जावं आणि आधी कान तपासून घ्यावेत, कारण नीट ऐकू न येणारं मूल शांत आणि गुणी वाटू शकतं. वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण यांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. लवकर गेलं तर फायदा होतो, आणि काही नसलं तर एक दिवसाची रजा जाते.

मोरीच्या कट्ट्यावरच्या तासिका सुरू होऊन चारेक महिने झाले असतील. एका सकाळी मग उचलत तो म्हणाला, ‘‘बाबा, मी भरतो.’’ मी बायकोला हाक मारली. ती पोळ्या टाकत होती, तिथूनच ओरडली, ‘‘ऐकलं मी!’’

पुढच्या आठवड्यात मात्र त्यानं ‘तो’ सगळ्यांना वाटून टाकला. आई झोपतो, आजी पोथी वाचतो, शेजारच्या काकू ओरडतो. यादीत मी नवीन पान उघडलं. रविवारी आत्याचा फोन आला, ‘‘काय, सुधारला का रे बोलायला?’’ मी उत्तर देण्याआधीच त्यानं फोन ओढून घेतला.

‘‘आत्याआजी, तू कधी येतो?’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग आत्याचं खदखदून हसणं.

‘‘येतो रे बाबा, रविवारी येतो.’’